बोट सुटेपर्यंत सहा अंगरखे

आधी वहिनींबद्दल लिहितो, मग काय झालं ते. नाव लिहिणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. नेरूळला आमच्या टेलरिंगच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून एक सोसायटी होती, तिथे तिसऱ्या मजल्यावर त्या राहायच्या. यजमान बोटीवर इंजिनिअर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. घरात वहिनी, त्यांच्या सासूबाई आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा धाकटा दीर. माझ्या त्या नात्यागोत्याच्या कोणी नव्हत्या. मी त्यांचे ब्लाउज घरपोच नेऊन देणारा, आठवीतून शाळा सुटलेला, यवतमाळकडचा पोरगा. त्यांनी मला बसायला एक खुर्ची दिली आणि ती माझ्याकडून कोणी काढून घेऊ लागलं तेव्हा ती टिकवायची वाट दाखवली. ऐकायला हे फार लहान वाटतं. तेव्हा माझ्याकडे त्याहून मोठं दुसरं काही नव्हतं.

ज्या चुलतभावाच्या भरवशावर मी नव्या मुंबईत आलो, तो चार महिन्यांत पुण्याला निघून गेला. मी दुकानातच राहू लागलो. मास्टर, म्हणजे दुकानाचे मालक, कटिंग करायचे. मशीनवर दोन कारागीर. माझ्याकडे काज, बटण, हुक आणि तुरपाई. कात्रीला हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवशीचा नियम. झोपायचो कटिंगच्या टेबलाखाली. बोलायचो जवळजवळ नाहीच, कारण तोंड उघडलं की 'मले', 'तुले', 'काहून' बाहेर पडायचं आणि कारागीर दिवसभर माझी नक्कल करत बसायचे. आठवड्यात माझ्याशी होणारं एकूण बोलणं म्हणजे "काज झाले का?" आणि "झाले."

गणपती नुकतेच गेले होते. एका रविवारी दुपारी दुकान बंद करताना मास्टरांनी वहिनींचे दोन ब्लाउज माझ्या हातात दिले. मी तिसरा मजला चढलो तर दार उघडंच होतं. आत जेवणाच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, कागद, पेन्सिली आणि रंगीबेरंगी फासे. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, एक तर चक्क वीस बाजूंचा. टेबलाशी दीर होता आणि त्याच्या वर्गातला मित्र, नेरूळ गावातल्या आगऱ्यांचा मुलगा. वहिनी टेबलाच्या टोकाला बसून सांगत होत्या, "मशाल विझली. गुहेत पुढे काळोख आहे. आणि त्या काळोखात कोणीतरी श्वास घेतंय." मला वाटलं, नाटकाची तालीम चालली आहे. मी दारातच थांबलो.

दोघांनी फासे टाकले. दोघंही मेले.

"वैनी, दोघांत नाय होत," मित्र म्हणाला. "आमी आत जाताव न मरताव. तिसरा कोन तरी पायजे."

दिराने माझ्याकडे पाहिलं. "ए टेलर, बसतोस का?"

मला ती चेष्टा वाटली. पण वहिनींनी चौथी खुर्ची मागे ओढली. आधी ब्लाउजचे हुक ओढून पाहिले आणि मग, "बस. चहा ठेवलाय," म्हणाल्या.

"मले इंग्रजी वाचता येत नाही," मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

"वाचायचं काम माझं. तू फक्त तुझा माणूस काय करतो ते सांगायचं."

खेळ असा होता. वहिनींच्या यजमानांनी तो कुठल्याशा बंदरावरून आणला होता. बोटीवरचे लोक वेळ घालवायला खेळायचे. पुढे ते गेले समुद्रावर आणि खेळाची पेटी राहिली घरी. वहिनींनी त्या एकटेपणात पुस्तक अख्खं वाचून काढलं. सोंगट्या नाहीत, पट नाही. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं आणि वहिनी जग सांगणार. आपण काय करतो ते आपण बोलायचं. ते जमतं की नाही हे फासा ठरवणार.

"कोण व्हायचंय तुला?" वहिनींनी विचारलं. "योद्धा, जादूगार, चोर?"

मी खूप विचार केला. मला काय येतं तेवढंच आठवत होतं. "शिंपी," मी म्हणालो.

दीर इतका हसला की आतल्या खोलीतून सासूबाई विचारत आल्या, काय झालं म्हणून. "अरे, इथे तू आकाशात उडू शकतोस. ड्रॅगन मारू शकतोस. आणि तुला काय, काज करायचेत?"

"कटिंग," मी म्हणालो. ते माझ्याही नकळत निघून गेलं.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तकात बोट फिरवत एक पान काढलं. दोन मोहिमांच्या मधे गावात आठवडे जातात, त्यात योद्धे जखमा भरून काढतात, जादूगार अभ्यास करतात. आणि ज्याच्या हातात कसब आहे तो काम करून कमाई करू शकतो. दर आठवड्याला वीस बाजूंचा फासा एकदा टाकायचा. चौदा किंवा वर पडला तर काम पुरं, मोहरा मिळाल्या. चौदाच्या खाली पडला तर काम अर्धवट, कमाई नाही. आणि नऊच्याही खाली गेला तर मालच वाया. "सैनिक चिलखताच्या आत कापूस भरलेला जाड अंगरखा घालतात," त्या म्हणाल्या. "तो कोणीतरी शिवतच असणार की."

अशी माझी कमाई सुरू झाली. कागदावरच्या गावात, कागदावरच्या मोहरा.

हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा हसू येत नव्हतं. रविवारची दुपार जवळ आली की मी दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहायचो. फासा टाकायच्या आधी हात पँटला पुसायचो. चौदा किंवा वर पडला तर वहिनी सांगायच्या, "अंगरखा उत्तम झाला. किल्लेदाराने दोनदा घालून पाहिला." मग त्या आठवड्यात दुकानात मी काज करत असायचो आणि मनात कटिंग चाललेलं असायचं. पाठीचा भाग, पुढचे दोन, बाह्या, अस्तर, मधे कापूस. मास्टरांची कात्री टेबलावर पडलेली असायची आणि मी तिच्याकडे पाहायचो नाही.

पडला नाही तर मात्र दुकानात परत जाताना मी लांबच्या गल्लीने जायचो. आपल्या हातून काहीच धड होत नाही, ही भीती मी गावाहून सोबतच आणली होती. तिला आता आकडा मिळाला होता.

बाकी दोघे लढायचे. माझा शिंपी मागे उभा राहायचा, दिवा धरायचा, जखमा शिवायचा. आगरी मित्र मला मास्टर म्हणायचा. "मास्टर, जरा पुढं तर हो. आमी तिकडं मार खाताव न हा दिवा धरून उभा हाय."

"हो जी," मी म्हणायचो.

"हो जी," दीर नक्कल करायचा. "मी दिवा धरून राहिलो जी." पण ती नक्कल कारागिरांसारखी नव्हती. नक्कल करून झाली की तो माझ्यापुढे चकलीची बशी सरकवायचा.

मग बोटीची गोष्ट निघाली. वहिनींनी सांगितलं की गावाच्या बंदरात एक बोट लागली आहे, ती दूरच्या बेटावर जाणार, आणि पुढची सगळी मोहीम त्या बेटावर आहे. नावाडी म्हणतो, चार आठवड्यांनी वारा फिरेल, त्याआधी निघणार. ज्याने त्याने आपलं भाडं आपण भरायचं. त्या दोघांकडे लुटीतलं सोनं होतं. लुटीतला वाटा मारणाऱ्याला मिळतो, दिवा धरणाऱ्याला नाही. हे त्यांनी आपसात सुरुवातीलाच ठरवलं होतं आणि मीही मान डोलावली होती.

"ह्याचं भाडं?" दिराने माझ्याकडे बोट केलं.

"तो शिवून कमावेल," वहिनी म्हणाल्या.

"आणि नाही कमावलं तर?"

"तर बोट त्याच्याशिवाय सुटेल."

दीर पेन्सिल फिरवत बसला. मग म्हणाला, "वहिनी, हा राहिला तर ह्याची खुर्ची रिकामीच ना? माझा एक वर्गमित्र कधीपासून मागे लागलाय. तो जादूगार व्हायला तयार आहे." हे बोलताना त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. हिशोब सरळ होता. टेबलाला खुर्च्या चार. शिंप्याचा उपयोग कमी.

वहिनी म्हणाल्या, "बोट सुटेल तेव्हा बघू."

मी त्या रात्री झोपलो नाही असं लिहिणार होतो, पण तसं नव्हतं, दमून झोपलोच. सकाळी मात्र डोळे उघडले तेच खुर्ची आठवून. त्या टेबलाशी मी आठवड्यातून एकदा माणसात यायचो. तिथे मला कोणी काही विचारायचं आणि माझं उत्तर येईपर्यंत थांबायचं. ती जागा गेली तर उरलं काय? काज झाले का? झाले.

पुढच्या रविवारी किल्लेदाराने मोठी ऑर्डर दिली: पहाऱ्यावरच्या सहा जणांसाठी सहा अंगरखे. ते झाले तर भाडं निघून वर थोडं उरणार होतं. वहिनींनी विचारलं, "कसं करशील? एक एक करून?"

एक एक केला तर आठवड्याला एक. चार आठवड्यांत चार, तेही फासा प्रत्येक वेळी बरा पडला तर. एवढ्याने भाडं निघत नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी तो हिशोब केलाच नाही. माझ्या मनात एकच भीती होती, किल्लेदार ऑर्डर काढून दुसऱ्याला देईल.

यावर आमच्या धंद्यात एक उपाय आहे. दिवाळी आली की मास्टर येईल ते कापड त्याच दिवशी बेतून कापून टाकायचे. शिवायला वेळ असो नसो. खडूने खूण करायची, गुंडाळी बांधायची आणि फळीवर ठेवून द्यायची. एकदा कात्री लागली की गिऱ्हाईक कुठे जात नाही. कापलेलं कापड दुसरा टेलर हातात घेत नाही. मग गिऱ्हाईक रोज येऊन भांडतं, पण जात नाही. मी हे रोज पाहत होतो. मला तो सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटायचा.

"सगळं कापड एकदम कापतो," मी म्हणालो.

वहिनींनी वर पाहिलं. "सहाही?"

"हो जी. आमच्यात असंच करतात. कापून ठेवलं का गिऱ्हाईक जात नाही."

"अरे, पण त्या गावात दुसरा शिंपीच नाहीये. किल्लेदार जाईल कुठे?"

हे मला ऐकू आलं. समजलंही. तरी हात मागे घेता येईना. सहा अंगरख्यांचं कापड माझ्यापुढे पसरलेलं मला दिसत होतं आणि कात्री माझ्या हातात होती. "कापतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पुस्तक चाळलं, एका जागी थांबल्या आणि हळू आवाजात वाचून मराठीत सांगितलं. एकदम सुरू केलेलं काम हे एकच काम. त्याला दर आठवड्याचा फासा नाही. चार आठवडे संपले की शेवटी एकच फासा टाकायचा. चौदा किंवा वर पडला तर सहाही अंगरखे. नाही तर सहाही नाहीत.

आगरी मित्राने कपाळाला हात लावला. "मास्टर, तू तर डायरेक्ट सगळ्यांचीच मान कापलीस रं."

खेळातले चार आठवडे एकाच बैठकीत संपणार होते, आणि बोट सुटायची ती बैठक पुढच्या, म्हणजे दिवाळीच्या आधीच्या रविवारी ठरली.

तो आठवडा कसा गेला ते मला धड सांगता येणार नाही. दिवाळीची गर्दी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, फळीवर गुंडाळ्यांचा डोंगर. त्या गुंडाळ्या मी नकळत मोजायचो आणि सहावर थांबायचो. एका ब्लाउजला मी उलट्या बाजूने हुक लावले. मास्टर म्हणाले, "लक्ष कुठाय तुझं? गावाकडे काय झालंय का?" मी नाही म्हणालो. पण काय झालंय ते सांगता येण्यासारखं नव्हतं. एक कागदावरचा शिंपी आहे, त्याने कागदावरचं कापड कापलंय, आणि मला जेवण जात नाही.

शुक्रवारी वहिनी सासूबाईंच्या परकराचं कापड द्यायला आल्या. मास्टरांनी माप लिहून घेतलं. निघताना त्या माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "रविवारी ये हं. घाबरू नकोस, फासाच आहे शेवटी."

त्या गेल्यावर मास्टरांनी टेप गळ्यातून काढली. "कसला फासा?"

मी सुईत दोरा ओवू लागलो.

"जुगार खेळतोस? माझ्या दुकानात झोपून?"

"नाही जी. खेळ आहे. पुस्तकातला."

"फासे टाकतात तो जुगारच. आजपासून रविवार बंद. आणि ह्या रविवारी तर दुकान उघडं आहे, दिवाळी आहे."

मी मान खाली घालून तुरपाई करत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं की टाका दिसत नाही, म्हणून ते येऊ दिलं नाही. मला वाटलं, संपलं. फासा न टाकताच बोट सुटली.

वहिनींना कोणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी त्या परत आल्या. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. त्या सगळ्यांसमोर त्या मास्टरांना म्हणाल्या, "मास्टर, तुमच्या दुकानातला हा मुलगा माझ्या घरी येतो. माझ्या सासूबाई समोर बसलेल्या असतात. पैसे लावून आमच्याकडे काही चालत नाही. शंका असेल तर उद्या तुम्हीच या, तुमच्यासाठी पण चहा ठेवते."

मास्टर ओशाळले. "तसं नाही मॅडम. सीझन आहे ना."

"मग किती वेळ सोडाल?"

"चार वाजेपर्यंत यायला पाहिजे."

"चारला येईल," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

रविवारी मी पोचलो तेव्हा सगळे बसलेले होते. दिराचा तो वर्गमित्रही आला होता, सोफ्यावर बसून चिवडा खात होता. "मी फक्त बघायला आलोय," तो म्हणाला. सासूबाई दिवाणावर करंज्यांसाठी खोबरं किसत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून मी माझ्या खुर्चीवर बसलो.

वहिनींनी चार आठवडे सांगायला सुरुवात केली. बंदरावर माल चढतोय, वारा हळूहळू फिरतोय. प्रत्येकाने या चार आठवड्यांत काय केलं ते त्यांनी विचारलं. दीर म्हणाला, त्याचा योद्धा नवीन ढाल वापरायला शिकला. मग वहिनी आगरी मित्राकडे वळल्या, पण विचारायच्या आधी त्यांनी पुस्तकातली एक ओळ वाचून दाखवली. काम करणाऱ्याच्या सोबत दुसऱ्या कोणी सगळे आठवडे घालवले तर फाशात दोन वाढतात.

"हे आधी नाही सांगितलंस," दीर म्हणाला.

"कोणी विचारलं नाही. सगळ्यांसाठी आहे ते, कोणालाही चालेल."

दिराने ढालीवर आठवडे घालवल्याचं सांगून टाकलं होतं. मित्र खुर्चीत मागे रेलला, मान खाजवली. त्यालाही तलवारीचा एक नवा वार शिकायचा होता. मागच्या रविवारी तो तेच बोलत होता.

"मी ह्याच्यासंगती बसतंय," तो म्हणाला. "कापूस भरीन. मला काय, तलवार येते. पन मास्टर, सुई टोचली ना मला, तर तुलाच पयला मारीन."

मला त्याचे आभार मानता आले नाहीत. मी शंकरपाळ्यांची बशी त्याच्याकडे सरकवली.

"टाक," वहिनी म्हणाल्या.

मी फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळत गेला, शंकरपाळ्यांच्या बशीला धडकला आणि बशीच्या कडेला तिरका टेकून थांबला. वरच्या बाजूला अठरा दिसत होते.

"अठरा," मी म्हणालो.

"तिरका आहे," दीर म्हणाला. "तिरका धरत नाही आपण."

"थोडासाच तिरका हाय," मित्र म्हणाला. "अठराच हाय ना."

"मागच्या महिन्यात माझा तिरका पडला होता, तेव्हा पुन्हा टाकायला लावला होता. मी मेलो होतो तेव्हा."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या खाली वाकून फाशाकडे पाहत होत्या. मला वाटलं, त्यांनी हो म्हणावं. एवढ्या सोप्या गोष्टीला हो म्हणायला काय जातं. सोफ्यावरच्या मुलाने चिवडा खाणं थांबवलं होतं. किसणीचा आवाजही थांबला होता.

"पुन्हा टाक," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी बशी उचलून सासूबाईंकडे दिली. टेबल रिकामं केलं. मी फासा हातात घेतला. टाकला.

सात.

सात आणि मदतीचे दोन. नऊ. वहिनींनी पुस्तकाकडे न पाहता सांगितलं, "नऊ म्हणजे वाया नाही. पण पुरेही नाहीत. सहाही अंगरखे अर्धे आहेत. बाह्या लागायच्यात, कापूस एका बाजूला भरून झालाय." मग त्यांनी मित्राकडे पाहिलं. "तू बसला नसतास तर कापडच गेलं असतं."

आणि मग बोट सुटली. त्या सांगत होत्या तसंच ते आम्हाला दिसत होतं. शिडं वर गेली, ते दोघे कठड्याला उभे राहिले. शिंपी बंदरावर आला नाही, कारण त्याच्या मांडीवर काम होतं. मी टेबलाच्या लाकडाकडे पाहत होतो. पावणेचार झाले असावेत. मला जायला हवं होतं आणि उठलो की परत बसायला मिळणार नव्हतं.

दीर म्हणाला, "चल, मग पुढच्या रविवारी..." आणि सोफ्याकडे हात केला.

"येऊ दे की त्याला," वहिनी म्हणाल्या. "बेडरूममधली खुर्ची आणावी लागेल. पाच जण बसतो."

"पाच? हा तर गावात राहिला."

"राहिला. मग गाव बुडालं का?" त्यांनी पुस्तक मिटलं. "बोट परत कुठल्या बंदराला लागणार आहे? ह्याच. तोवर किल्लेदार अंगरखे मागायला रोज येणार आहे. त्याला तोंड कोण देणार? काम अर्धं आहे, संपलेलं नाही. ज्याचं काम चालू आहे त्याचा खेळ चालू."

"असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. नाही असंही लिहिलेलं नाही. तुझ्या बेटावर अर्धा तास, ह्याच्या गावात दहा मिनिटं. चालेल?"

दिराने आधी सोफ्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले. "पण लुटीत वाटा नाही."

"नको जी," मी म्हणालो.

सासूबाई दिवाणावरून म्हणाल्या, "त्या किल्लेदाराला सांग, आधी पोट आत घेऊन माप दिलंस, आता घट्ट होतंय म्हणू नकोस. सगळी गिऱ्हाइकं मेली सारखी."

मित्र हसत सुटला. मी चपला घालून जिना उतरलो. धावत दुकानात पोचलो तेव्हा मास्टर दारात घड्याळ पाहत उभे होते. काही बोलले नाहीत. गुंडाळी माझ्याकडे टाकली.

अंगरखे दिवाळीनंतर पुरे झाले, एकेकाला वेगळा फासा टाकून. वहिनींनी शिवण्यापुरतं काम वेगवेगळं धरू दिलं, पण त्यासाठी मला किल्लेदाराची बोलणी खावी लागली, आणि ती बोलणी सासूबाईंनी दिवाणावरून मनापासून घातली. बोट परत आली तेव्हा माझ्या शिंप्याचं गावात दुकान होतं. पुढच्या मोहिमेचं भाडं मी भरलं आणि तरी गेलो नाही. मला गावातच बरं वाटू लागलं होतं.

त्या तिरक्या फाशाबद्दल मी पुष्कळ वर्षं विचार केला. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता. अठरा धरले असते तर मी बोटीवर चढलो असतो, आणि पुढचे सगळे रविवार दिराच्या नजरेत पाहायची मला भीती वाटली असती. ते त्यांना तेव्हाच दिसलं होतं की नुसता नियम होता म्हणून त्यांनी तसं केलं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दीड वर्षाने यजमानांनी समुद्रावरची नोकरी सोडली आणि ते सगळे दुसऱ्या शहरात गेले. निघायच्या दिवशी मी दुकानात होतो. लग्नसराई होती, सुटता आलं नाही. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला, वहिनी उतरून आत आल्या, मास्टरांशी बोलल्या, मला म्हणाल्या, "लिहीत जा." पत्ता द्यायचा त्या विसरल्या आणि मागायचं मला सुचलं नाही.

आज सीवूड्सला माझं छोटं दुकान आहे. कटिंग मी करतो. एकदम सगळं कापत नाही, एवढं सांगतो.

वहिनी आता साठीच्या पुढे असतील. कुठे आहेत ते शोधतोय. आगरी मित्राने दिराचा फोन नंबर मिळवून द्यायचं कबूल केलंय. मिळाला की मी जाणार आहे. काय देईन ते ठरवलेलं नाही, कारण त्यांना काय कमी असेल ते मला इथे बसून कळणार नाही. पण त्यांच्या घरी आजारपण असेल तर मी रात्रपाळीला बसेन. सरकारी कचेरीत खेटे घालायचे असतील तर मी घालीन. आणि काहीच लागत नसेल तर दर वर्षी जाऊन विचारीन, लागेपर्यंत. वहिनी, हे ऋण मी फेडणार आहे.